कुणाचाच नसलेला अपराध

कॅरिबियन समुद्रात डॉमिनिका नावाचे एक डोंगराळ बेट आहे. ३ नोव्हेंबर १४९३ रोजी कोलंबसाच्या खलाशांना ते दिसले. तो दिवस रविवार होता, म्हणून बेटाला प्रभूच्या दिवसाचे लॅटिन नाव मिळाले. (डॉमिनिकन प्रजासत्ताक हा देश निराळा, दोहोंची गल्लत नेहमी होते.) जेमतेम साडेसातशे चौरस किलोमीटरचा आणि सत्तर हजारांच्या आसपास वस्तीचा हा देश फ्रेंच आणि इंग्रज सत्तांच्या ओढाताणीत घडला. राज्यकारभाराची भाषा इंग्रजी राहिली, घरातली बोली मात्र फ्रेंच वळणाची. आणि कॅथॉलिक श्रद्धाही तिथे खोलवर रुजली. १९६१ साली या बेटाने आपले राजचिन्ह स्वीकारले. त्यावरील बोधवाक्य तिथल्या बोलीत आहे आणि त्याचा अर्थ होतो, देवानंतर भूमी. राजचिन्हांवर सामान्यतः सिंह असतात, गरुड असतात, तलवारी असतात. या राजचिन्हाच्या ढालीवर नारळाचे झाड आहे, केळ आहे, होडी आहे आणि एक बेडूक आहे.

बेडकाला एवढा मान देणारे राष्ट्र विरळा. परंतु हा मान काही निव्वळ सौंदर्यदृष्टीतून मिळालेला नव्हता. ज्या बेडकाला डॉमिनिकाने ढालीवर बसवले, तोच बेडूक डॉमिनिकाच्या ताटातही होता. इंग्रजीत त्याला डोंगरातील कोंबडी असे म्हणतात, कारण त्याच्या मांसाची चव कोंबडीसारखी. शास्त्रज्ञांनी त्याला लेप्टोडॅक्टिलस फॅलॅक्स हे नाव दिले आहे. पूर्ण वाढलेला बेडूक वीतभर लांब आणि जवळपास एक किलो वजनाचा होतो. कॅरिबियन बेटांवरचा हा सर्वांत मोठा मूळरहिवासी बेडूक होय. एके काळी तो आसपासच्या अनेक बेटांवर होता. शिकार, जंगलतोड आणि बाहेरून आणलेले मुंगूस यांच्यापायी तो एकेका बेटावरून नाहीसा झाला आणि शेवटी डॉमिनिका व माँटसेराट या दोनच बेटांवर उरला. डॉमिनिकात त्याची पदवी राष्ट्रीय पक्वान्नाची होती. पावसाळी रात्री हाती दिवे घेऊन माणसे रानात जात आणि पोती भरून आणत. वर्षाकाठी आठ हजार ते छत्तीस हजार बेडूक मारले जात, असा अंदाज अभ्यासकांनी नोंदवला आहे. जाता जाता एक गंमत सांगतो. ख्रिस्तसभेच्या जुन्या प्रथेप्रमाणे शुक्रवारच्या मांसवर्जनात बेडकाचा समावेश होत नसे. मासळीप्रमाणे तोही चालत असे. म्हणजे प्रायश्चित्तकाळातही या बिचाऱ्याला धर्माचा आधार नव्हता.

ज्या प्राण्याची ही कथा, त्याच्या घरसंसाराविषयी थोडे सांगितले पाहिजे. बेडूक म्हटले की पाण्यात अंडी घालून निघून जाणारा, अपत्यांची विचारपूस न करणारा जीव आपल्या डोळ्यांपुढे येतो. हा बेडूक तसा नाही. नर आणि मादी जमिनीतल्या बिळात फेसाचे घरटे बांधतात. अंडी त्या फेसात असतात आणि शेपटीवाली पिल्लेही त्याच फेसात वाढतात. बिळात ना शेवाळ, ना किडे. मग पिल्लांनी खावे काय? या प्रश्नाचे उत्तर जर्सी बेटावरील प्राणिसंग्रहालयात बंदिस्त जोड्यांचे निरीक्षण करताना सापडले आणि २००४ साली ते प्रसिद्ध झाले. (हे संग्रहालय १९५९ साली जेरल्ड डरेल यांनी स्थापन केले. त्यांचा जन्म आपल्याच देशातला, जमशेदपूरचा.) मादी दर काही दिवसांनी बिळात परत येते आणि फलन न झालेली अंडी घालते. पिल्ले तिच्याभोवती गोळा होऊन ती अंडी खातात. सुमारे दीड महिना हा क्रम चालतो. एका पिलावळीसाठी आई दहा हजारांपासून पंचवीस हजारांपर्यंत अंडी खर्ची घालते, आणि एवढ्या व्ययातून फार तर पंचवीस-चाळीस पिल्ले बिळाबाहेर पडतात. नर घरट्याच्या आसपास पहारा देतो.

आपल्या कित्येक जुन्या देवळांत वेदीवर किंवा साक्रारीवर पेलिकन पक्षी कोरलेला असतो. स्वतःची छाती चोचीने फोडून तो पिल्लांना रक्त पाजतो. ती दंतकथाच आहे, पक्षी तसे काही करीत नाही. परंतु दंतकथेने ज्या गोष्टीची कल्पना केली, ती गोष्ट एका दूरच्या बेटावर, चिखलाच्या बिळात, कुणी पाहत नसताना खरोखर घडत होती. मला यात उपदेश शोधायचा नाही. एवढेच म्हणायचे आहे की पोत्यात भरला जाणारा प्रत्येक बेडूक केवळ मांसाचा गोळा नव्हता. त्याच्यापाठीमागे एक बीळ होते.

२००२ साल संपत आले तेव्हा डॉमिनिकाच्या रानात मेलेले बेडूक सापडू लागले. शिकारीत मेलेले नव्हेत. ओढ्याच्या काठी, पायवाटेवर, दिवसाढवळ्या उघड्यावर येऊन पडलेले. अठरा महिन्यांच्या आत पाचांतले चार बेडूक नाहीसे झाले. सरकारने शिकारीवर बंदी घातली, पण मृत्यू थांबले नाहीत. कारण मारणारा शिकारी नव्हताच. मारणारी होती एक सूक्ष्म बुरशी.

कायट्रिड जातीच्या या बुरशीला शास्त्रीय नाव मिळाले ते १९९९ साली. ती बेडकाच्या कातडीत शिरते. बेडकाची कातडी म्हणजे केवळ आवरण नव्हे. तो कातडीने पाणी पितो, काही अंशी कातडीनेच श्वास घेतो, रक्तातील क्षारांचा तोलही कातडीच सांभाळते. बुरशीने ती निकामी झाली की सोडियम आणि पोटॅशियम घटत जाते आणि एके क्षणी हृदय थांबते. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या जनुकीय अभ्यासाने या बुरशीचे मूळ पूर्व आशियात असल्याचे दाखवले. तिथल्या बेडकांना तिची सवय होती. विसाव्या शतकात माणसाचा व्यापार वाढला. खाण्यासाठी, पाळण्यासाठी, प्रयोगशाळांसाठी जिवंत बेडकांची ने-आण होऊ लागली आणि बुरशीही त्यांच्यासोबत जगभर पसरली. २०१९ साली केलेल्या एका गणतीनुसार उभयचर प्राण्यांच्या पाचशेहून अधिक जाती तिच्यामुळे घटल्या आणि नव्वद जाती बहुधा कायमच्या नष्ट झाल्या. आकड्यांविषयी तज्ज्ञांत वाद आहे, संहाराविषयी नाही.

आता प्रश्न असा की हा अपराध कुणाचा?

डॉमिनिकात ती बुरशी कोणत्या जहाजातून, कोणत्या पेटाऱ्यातून, कुणाच्या बुटाच्या तळव्याला चिकटून आली, हे कुणीही सिद्ध केलेले नाही. ज्याने आणली त्याला आपण काही आणीत आहोत याची जाणीव नसणार. हेतू नाही, ज्ञान नाही, निष्काळजीपणाही म्हणता येत नाही, कारण ज्या गोष्टीचे अस्तित्वच ठाऊक नाही तिची काळजी कोण घेणार? पापाला पूर्ण ज्ञान आणि पूर्ण संमती लागते, हे आपण पहिल्या कबुलीजबाबाच्या तयारीतच शिकतो. त्या कसोटीला लावले तर इथे पापी कुणी उरत नाही. एक संपूर्ण जीवजात मरणाच्या दारात उभी आहे आणि कबुलीजबाबाच्या खुर्चीपुढे रांगेत मात्र कुणीच नाही.

आपली नैतिक विचारसरणी अशा प्रसंगी गोंधळते. कुणी नुकसान केले, तर त्याने भरपाई करावी, हे आपल्याला कळते. चोराने चोरलेले परत करावे, निंदकाने शब्द मागे घ्यावा. परंतु नुकसान प्रचंड आणि अपराधी शून्य असे त्रैराशिक समोर आले की आपण एक तर कुणालातरी अपराधी ठरवतो, नाही तर खांदे उडवून मोकळे होतो. डॉमिनिकाच्या बाबतीत पहिला मार्ग सोपा होता: अपराधी शिकारी. त्याने वर्षानुवर्षे पोती भरली, तेव्हा त्याच्यावर बंदी घाला, त्याला दंड करा. आणि बंदी आवश्यकच होती, यात शंका नाही. शंभरातले वीस उरलेले असताना त्यांतले दोन पातेल्यात जाऊ देणे परवडणारे नव्हते. तरीही त्या डोंगरातल्या गरीब माणसाची बाजू ऐकली पाहिजे. तो म्हणेल, माझ्या आजाने बेडूक खाल्ला, बापाने खाल्ला, आणि तरीही रान बेडकांच्या हाकांनी भरलेले होते. रोग मी आणला नाही. ज्यांच्या जहाजांनी आणि विमानांनी जग जोडले, त्यांनी तो आणला. त्यांचा व्यापार चालू आहे आणि माझे ताट रिकामे झाले. त्याग मीच का करावा?

या प्रश्नाला मला पूर्ण उत्तर सापडलेले नाही आणि कुणी घाईने दिले तर त्यावर विश्वासही ठेवणार नाही. ओझ्याची वाटणी अन्यायाची आहे, हे सरळ मान्य करावे. पण अन्यायाची वाटणी आहे म्हणून ओझे खाली ठेवता येते का?

यरुशलेमहून यरीहोला उतरणाऱ्या वाटेवर लुटारूंनी अर्धमेला करून टाकलेल्या माणसाची गोष्ट आपण सगळे जाणतो. त्या शोमरोनी प्रवाशाने काही त्याला मारले नव्हते. त्याचे त्या माणसाशी काही देणेही नव्हते; उलट, दोघांच्या समाजांत वैरच होते. त्याची जबाबदारी कशातून निर्माण झाली? तो त्या वाटेने आला आणि त्याने पाहिले, एवढ्यातूनच. तेल, द्राक्षारस, पट्टी, खानावळवाल्याच्या हातावर ठेवलेले दोन दीनार, ही काही दंडाची भरपाई नव्हती. दृष्टांत ऐकताना लुटारूंना पकडले की नाही, हा प्रश्नच आपल्या मनात येत नाही, हे कधी लक्षात घेतले आहे का? प्रभूने ती बाब सांगितलीच नाही. अपराध्याचा शोध ही एक गोष्ट, आणि जवळ असण्यातून येणारे कर्तव्य ही वेगळी.

बेडकाच्या जवळ कोण होते? खरे तर शिकारीच. कोणत्या ओढ्याच्या काठी तो बसतो, पहिल्या पावसानंतर कितव्या रात्री बाहेर पडतो, नराची हाक कुठल्या उतारावरून येते, हे त्याच्याइतके कुणाला ठाऊक असणार? खाणाऱ्याला खाल्ल्या जाणाऱ्याची जवळीक असते. शहरात राहून पुस्तकातली चित्रे पाहून हळहळणाऱ्या माणसाची जवळीक तशी नसते. तेव्हा त्यागाची मागणी पहिल्यांदा त्याच्याच दारात यावी, यात अन्याय आहे तसा एक विचित्र सन्मानही आहे.

कुणी म्हणेल, शोमरोन्याने वाचवला तो माणूस होता. बेडकाला माणसाच्या जागी बसवणे हा अतिरेक झाला. आक्षेप रास्त आहे, आणि तो किती रास्त आहे हे पाहायचे तर डॉमिनिकाहून वायव्येकडे, दुसऱ्या बेटावर जावे लागेल.

माँटसेराट हे नावही कोलंबसानेच ठेवले, स्पेनमधील बार्सेलोनाजवळच्या पवित्र मरियेच्या प्रसिद्ध मठावरून. सतराव्या शतकात आयर्लंडचे कॅथॉलिक इथे येऊन राहिले. अजूनही संत पॅट्रिकचा दिवस तिथे सार्वजनिक सुटीचा असतो. बेट आजही ब्रिटनच्या ताब्यात आहे. १८ जुलै १९९५ रोजी तेथील सूफ्रिएर हिल्स या ज्वालामुखीला जाग आली. राजधानी प्लिमथ राखेखाली गाडली गेली. २५ जून १९९७ रोजी धगधगत्या राखेचा लोट खाली आला आणि एकोणीस माणसे मेली. त्यांतील कित्येक जण धोक्याच्या पट्ट्यात गेले होते ते आपली शेती आणि गुरे सांभाळायला. बेटाचा दक्षिण भाग बंद करण्यात आला. दोन तृतीयांश लोक देश सोडून गेले. उरलेल्यांनी उत्तरेकडे शाळांत आणि देवळांत आसरा घेतला. त्यांनी अधिक मदत मागितली, तेव्हा ब्रिटनच्या तत्कालीन आंतरराष्ट्रीय विकास मंत्री क्लेअर शॉर्ट यांनी १९९७ च्या ऑगस्टमध्ये उद्गार काढले की पुढे हे लोक सोन्याचे हत्ती मागतील. तो शब्द बेटावरचे लोक विसरलेले नाहीत.

बारा वर्षांनी, २००९ साली, कायट्रिड बुरशी माँटसेराटला पोहोचली. फळभाज्यांच्या पेटाऱ्यांत दडून आलेल्या एखाद्या लहान बेडकामार्फत ती आली असावी, असा संशय आहे. या वेळी मदतीला उशीर झाला नाही. पन्नास निरोगी बेडूक पकडून विमानाने युरोपात नेण्यात आले. काही जर्सीला, काही लंडनला, काही स्वीडनला. तिथे बंदिस्त, उबदार, निर्जंतुक खोल्यांत त्यांना ठेवले गेले. सांभाळणाऱ्याने आत जाताना बूट आणि कपडे बदलायचे. मागे राहिलेल्या काही बेडकांना रानातच पकडून बुरशीनाशक औषधाने अंघोळ घालण्याचा प्रयत्न झाला. अंघोळ चालू होती तोवर त्यांतले अधिक जगले. ती थांबली आणि ते मरू लागले.

माणसांना देवळाच्या फरशीवर झोपावे लागले आणि बेडकांना विमान मिळाले, असे कुणी म्हटले तर त्याच्या तोंडावर हात ठेवता येणार नाही. ख्रिस्तसभेने १९९२ साली प्रसिद्ध केलेल्या धर्मशिक्षणग्रंथात या विषयावर दोन वाक्ये शेजारी शेजारी आहेत. प्राण्यांना विनाकारण क्लेश देणे वा मारणे माणसाच्या प्रतिष्ठेला शोभत नाही, असे पहिल्याचे तात्पर्य. आणि जो पैसा माणसाच्या दुःखनिवारणासाठी आधी खर्च व्हायला हवा तो प्राण्यांवर उधळणेही तितकेच अशोभनीय, असे दुसऱ्याचे. अनेक जण यांतले आपल्या सोयीचे एकच वाक्य वाचतात. माझ्या मते दोन्ही वाचावीत, आणि मग पाहावे की प्रत्यक्षात कोणता पैसा कुणाच्या तोंडून काढून घेतला गेला. ज्या राज्यकर्त्यांनी निर्वासितांना सोन्याच्या हत्तींचा टोमणा मारला, त्यांनी वाचवलेला पैसा बेडकांवर खर्च केला नव्हता. बेडकांसाठी धावले ते बहुतांशी प्राणिसंग्रहालयांचे आणि विद्यापीठांचे लोक, आणि स्वतः घरे गमावलेले माँटसेराटचे वनकर्मचारी. गरिबाचा घास आणि बेडकाचा जीव यांना तराजूच्या दोन पारड्यांत घालणारे लोक पुष्कळदा असे असतात, की ज्यांना दोहोंपैकी कशासाठीच हात खिशात घालायचा नसतो. हे माझे कठोर मत आहे, पण ते सोडावे असे अजून काही दिसलेले नाही.

संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात एक विचार मांडला आहे. देवाचे चांगुलपण कोणत्याही एका निर्मितीत मावत नाही, म्हणून त्याने नाना प्रकारच्या निर्मिती केल्या; एकीत जे उणे राहिले ते दुसरी पुरे करते. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात हाच धागा पुढे नेला: आपल्यामुळे ज्या जाती नष्ट होतात, त्या आता आपल्या अस्तित्वाने देवाला गौरव देणार नाहीत, आणि तसे करण्याचा आपल्याला अधिकार नाही. इथे महत्त्व जातीला आहे. एकेका बेडकाचे काय?

हा प्रश्न पुढे फार टोचणारा ठरला. बेडूक युरोपात वाढले, त्यांना पिल्ले झाली, त्या पिल्लांना आयांनी बिळाऐवजी कृत्रिम घरट्यांत अंडी खाऊ घातली. पण परत जायचे कुठे? बेटावर बुरशी होतीच. तिथले छोटे वृक्षबेडूक ती अंगावर बाळगतात आणि मरत नाहीत. त्यामुळे ती संपत नाही. २०११ पासून युरोपात वाढलेले बेडूक टप्प्याटप्प्याने माँटसेराटच्या रानात सोडण्यात आले. रोग अजून कितपत प्रबळ आहे, कोणत्या ऋतूत पसरतो, कोणत्या ओढ्यात अधिक, हे त्यांच्या नशिबावरून कळणार होते. बहुतेकांना लागण झाली. सोडणाऱ्यांना तशी शक्यता ठाऊक होती.

सर्व लोकांसाठी एकाने मरावे हे हिताचे, असे कयफा म्हणाला होता. ते वाक्य ऐकले की आपल्या अंगावर काटा येतो, कारण त्यात हिशेब आहे आणि तो हिशेब दुसऱ्याच्या प्राणांवर मांडलेला आहे. मग या बेडकांच्या बाबतीत वेगळे काय झाले? मला दोन गोष्टी दिसतात, आणि त्या दोन्ही पूर्ण समाधान देत नाहीत. एक अशी, की कयफाला आपले स्थान वाचवायचे होते. इथे सोडणाऱ्यांचे काही वाचणार नव्हते. दुसरी अशी, की या बेडकांना न सोडण्याचा अर्थ त्यांना सुखरूप ठेवणे असा होत असला, तरी तो त्यांच्या जातीला कायमचे काचेच्या खोलीत ठेवण्यासारखा होता. काचेच्या खोलीत पिढ्यान् पिढ्या जगणारा, पाऊस न पाहिलेला, डोंगरावरून आलेली हाक न ऐकलेला तो बेडूक डोंगरातला बेडूक राहतो का? संशोधकांनी प्रामाणिकपणे पत्करलेला मार्ग म्हणजे मृत्यूची शक्यता कमी करीत जाणे. २०१९ साली सत्तावीस बेडूक माँटसेराटला परत नेण्यात आले ते कुंपण घातलेल्या वाड्यात. तिथे वरचे झाडोरे विरळ करून ऊन आत येऊ दिले होते आणि पाणी कोमट ठेवणारी डबकी केली होती. उष्णता त्या बुरशीला मानवत नाही. बेडूक कोमट पाण्यात बसला की त्याचा रोग कमी होतो. त्याला औषध द्यायचे नाही, फक्त ऊब हाताशी ठेवायची आणि तो तिकडे जातो का, हे पाहायचे.

इकडे डॉमिनिकात एक वेगळी गोष्ट घडली, आणि ती मला सर्वांत बोलकी वाटते. २०१३ साली त्या देशाने आपले राष्ट्रीय पक्वान्न बदलले. बेडकाच्या जागी कॅलालू आले. कॅलालू म्हणजे अळूच्या पानांचे दाट सार. आपल्याकडच्या अळूच्या फदफद्याचे दूरचे भावंडच म्हणायचे. कायद्याने बंदी तर आधीच होती, नावातला बदल त्यावाचूनही भागला असता. पण बंदी म्हणजे बाहेरून लावलेले कुलूप. आमचे आवडते अन्न आता हे नाही, असे सर्वांदेखत म्हणणे ही वेगळी क्रिया आहे. ढालीवरचा बेडूक तसाच ठेवला, ताटातला काढला. खाण्याच्या वस्तूला मानाची वस्तू करणे सोपे असते, कारण दोन्ही आपल्याच उपयोगाचे. उपयोग संपल्यावरही मान राखणे कठीण.

आपल्याकडेही हा प्रश्न थेट येतो. गोव्यात पहिला पाऊस पडला की भाताच्या शेतांत मोठे पिवळे बेडूक डरावू लागतात, आणि त्याच रात्री टॉर्च घेऊन माणसे बांधावर उतरतात. हॉटेलांत त्या मांसाला उडी मारणारी कोंबडी असे इंग्रजी टोपणनाव आहे. दोन महासागरांपलीकडे दोन निराळ्या बेडकांना माणसाने कोंबडीच म्हणावे, याचे हसू येते. वन्यजीव संरक्षण कायद्याने ही शिकार गुन्हा आहे आणि वनखाते दर पावसाळ्यात तशी सूचना देते. त्याआधी भारतातून बेडकांचे पाय हजारो टनांनी परदेशी जात. शेतांतील कीटक खाणारा हा मित्र नाहीसा होतो आणि मग औषधफवारणी वाढते, हे ध्यानी आल्यावर १९८७ साली निर्यात बंद झाली. परदेशातील खाणाऱ्यांनी मात्र काही सोडले नाही. व्यापार आधी बांगलादेशाकडे आणि मग इंडोनेशियाकडे वळला.

आपली बाजू डॉमिनिकाच्या शिकाऱ्यापेक्षा दुबळी आहे, हे उघड दिसते. तिथे हानी एकाने केली आणि त्याग दुसऱ्याने केला. इथे पकडणारा हात, तळणारी कढई आणि नाहीसा होणारा बेडूक यांच्यामध्ये कुणी तिसरा नाही. शिवाय हा बेडूक विणीसाठीच बाहेर आलेला असतो. वर्षातून काही रात्रीच तो असा उघड्यावर, आपल्याच आवाजाने आपला पत्ता सांगत बसतो. एका रात्रीची हौस म्हणून त्याकडे पाहणाऱ्याला मी पापी म्हणणार नाही. पण ज्याने काहीच केले नव्हते त्याने ताट बदलले, आणि ज्याच्या हातात दिवा आणि पोते आहे तो कायद्याची पळवाट शोधतो, ही तुलना सणाच्या जेवणाच्या टेबलाशी बसल्यावरही सुचायला हवी.

माँटसेराटच्या रानात एका वेळी फक्त दोन बेडूक माहितीत उरले होते, एक नर आणि एक मादी, दोघे वेगवेगळ्या ठिकाणी. त्यांची भेट व्हावी म्हणून मादीला उचलून नराच्या हद्दीत नेऊन ठेवण्यात आले. डॉमिनिकात १८ सप्टेंबर २०१७ रोजी मारिया हे चक्रीवादळ आले आणि त्याने बेटावरचे रान जवळजवळ उघडे केले. घरांची छपरे गेली, झाडांची पाने गेली. झाडे पुन्हा पालवली. २०२३ साली रात्री-रात्री हिंडून शोध घेतला गेला, तेव्हा संपूर्ण बेटावर एकवीस बेडूक सापडले. वीस वर्षे बुरशीच्या सहवासात काढूनही ते जिवंत आहेत, म्हणून त्यांच्या रक्तात काही प्रतिकारशक्ती आली असावी, असे अभ्यासकांना वाटते. विणीच्या दिवसांत अंधार पडला की नर बिळाजवळून हाक देतो. ती हाक बरीच दूर ऐकू जाते.